अण्णांच्या आवाजाचं व्हर्जन

जालना,
१२ मार्च २००६

प्रिय वसंता,

तुझी सीडी मिळाली. कुरियरवाल्याने ती पायरीवर टाकली आणि सहीलाही थांबला नाही. हल्ली कुणाला कशाची पोच नको असते. सीडीवर तू लिहिलं आहेस, 'जुनं व्हर्जन, सापडलं'. अभिनंदन. बाप गेल्यावर त्याचा आवाज सापडला.

इकडे ठीक. कडूबाकाकांनी पिंपळगावहून तूरडाळ पाठवली आहे. शेजारची नंदाबाई रोज येऊन 'सुटले बिचारे अण्णा' म्हणते. काल मी विचारलं, कुणापासून सुटले, माझ्यापासून? आज आली नाही.

तुझ्या अण्णांनी आयुष्यभर मोंढ्यात धान्याचा हर्रास पुकारला. ज्वारीच्या ढिगाशी उभे राहिले की त्यांनी पुकारलेला भाव स्टेशनपर्यंत जायचा, असं लोक म्हणत. मी म्हणायचे, घरात तरी जरा हळू बोला. मग गाठ निघाली आणि औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. तेव्हा तू पुण्याहून आलास, कॉम्प्युटर मांडलास आणि असा प्रोग्राम केलास की अण्णांनी दोन बोटांनी टाइप करायचं आणि मशीनने बोलायचं. गल्लीभर मी ते सांगत फिरले होते. तेही खरंच आहे.

आवाज काही गोड नव्हता. घोगरा, डब्यातून आल्यासारखा, वाक्याच्या मध्येच दम खाणारा. पहिल्यांदा मी हसले. पुढे तो त्यांचाच कधी झाला, कळलं नाही. 'मास्तरीणबाई, चहा टाकून राह्यल्या का पेपर तपासून राह्यल्या?' मी रिटायर झाले तरी टोमणा तोच. मशीन कुठे दम खाणार हे त्यांना पाठ झालं होतं. शिवी बरोबर त्या दमाच्या पुढे यायची. मोंढ्यातला कचरू हमाल म्हणायचा, 'अण्णा, आवाज बिलकुल पैल्यावानीच हाय की!' धडधडीत खोटं. पण अण्णा खूश व्हायचे.

दसऱ्याच्या सुमारास तू नातीचे फोटो पाठवलेस. ते बघायला इंटरनेट जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी टाइप केलं, तर कॉम्प्युटरमधून, स्टेशनवर गाड्यांची घोषणा करतो तसला कुणी गुळगुळीत माणूस म्हणाला, 'चहा झाला का न्हाई?' अण्णांनी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, वसंता. कोण आलं म्हणून.

फोनवर तू मला समजावलंस. बोलण्याचं काम तुझा प्रोग्राम करत नाही. ते परदेशात कुणीतरी लिहून फुकट वाटलेली लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रामांची) करते. कोणती लायब्ररी घ्यायची ते तू लिहिलं होतंस, तिचं कितवं व्हर्जन ते नाही. 'सगळ्यात नवं असेल ते घे', एवढंच. म्हणून नेट मिळताच त्याने नवं आणून बसवलं आणि जुनं पुसलं. एक आकडा टाकून खिळवून ठेवलं असतंस, तर अण्णांचा आवाज जागचा हलला नसता. वर म्हणालास, 'आई, पण हा जास्त नॅचरल आहे.' आमच्या शाळेतल्या नन्स आम्हाला दुसऱ्या मुलीच्या निबंधातलं एक वाक्य सुधारायचं असलं तरी आधी तिला विचारायला लावत. तुम्हाला इंजिनिअरिंगला हे कुणी शिकवत नाही?

जुनं व्हर्जन नेटवरून काढून टाकलं होतं, तुझ्याकडे कॉपी नव्हती, तेही समजलं. पण शोधायला तुला सवड कुठे होती? आधी ऑफिसचं काम, मग पुढचा शनिवार, मग दिवाळीनंतर. अण्णांनी पुन्हा मशीनला हात लावला नाही. चहा हवा असला की वाटीवर चमचा वाजवायचे. पाटी पुढे केली तर भिंतीकडे तोंड फिरवायचे. संक्रांतीच्या तोंडावर गेले. जाताना माझ्याकडे बघून ओठ हलवले. वर्गात शेवटच्या बाकावरची मुलगी काय पुटपुटते हे मला फळ्यापासून कळायचं. हे कळलं नाही.

दहाव्याला सगळ्यांदेखत मी म्हणाले, एकदा आजाराने आवाज नेला, दुसऱ्यांदा पोराने. ते मी मागे घेत नाही. तू न जेवता गेलास, आणि त्यानंतर ना तुझा फोन, ना माझा.

मग आज का लिहिते आहे? परवा वडीगोद्रीची आसराबाई नवऱ्याला घेऊन आली. मल्हारी मेंढरं राखतो. त्याचंही तेच ऑपरेशन झालं आहे, त्याच डॉक्टरांकडे; आपला पत्ता त्यांनीच दिला. चौथी शिकलेला आहे, अक्षरं येतात. मी कॉम्प्युटर लावून दिला. त्याने तिचं नाव टाइप केलं, त्या गुळगुळीत आवाजात मशीनने तिला हाक मारली, आणि आसराबाईने झटकन डोक्यावर पदर ओढला. 'बाई, हा कोन सायब? याच्यासंगं म्या भांडू कसं?' तिचं बरोबर आहे. ज्याच्याशी भांडता येत नाही तो नवऱ्याचा आवाज कसला? कॉम्प्युटर मी त्यांना देते आहे, सीडीसुद्धा. मी ती लावून पाहिलेली नाही. तू रजा काढून ये आणि जुनं व्हर्जन स्वतः बसव. आकडा घालून खिळव, आणि मल्हारीला विचारल्याशिवाय त्यातलं काही बदलू नकोस. वडीगोद्रीला तू एकटाच जा. तो आवाज तिथे दुसऱ्या बाईला हाक मारेल, तिच्याकडे भाकरी मागेल. मागू दे. मला तेवढं ऐकवणार नाही. काम झालं की घरी ये आणि जेवायला बस. बोललंच पाहिजे असं काही नाही.

तुझीच,
आई