बिनशिवणीची कुंची

४ ऑगस्ट, सोमवार

आले बाई एकदाची. वडीगोद्रीहून रिक्षावाला फाट्यावरच उतरवत होता, म्हणला पुढं चिखल हाय. मी म्हणले, पैसे घेताना चिखल दिसला न्हाई का? मंग बराबर दारापोतर आणलं.

कामासंगं मिळालेली खोली पक्की हाय. लादी, पंखा, आतच नळ. मला तेवढंच पायजे होतं. शालूचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं, मंठ्याला सासरच्या पत्र्याच्या खोलीत. आता परत दिवस भरत आलेत. औंदा बाळंतपण हितंच करणार, माझ्या डोळ्यासमोर. डायरी तिनंच देली. म्हणली, आई, फोनवर तास तास बोलतीस, थोडं लिहीत जाय. चौथी शिकलेय, जमंल तसं लिहिते.

काम रेशमाच्या शेडवर. मालक सोमेश्वर सर, शेतकी शिकलेलं पोरगं. ह्या अळ्या आपल्याकडच्या न्हाईत, मादागास्कर नावाच्या बेटावरच्या. नाव तीनदा विचारून लिहिलं. पेरूचा पाला खातेत. अंगावर केसं, हात लावला की आग. जाळीत त्यांची पाखरं हायेत, मातकट रंगाची. सर म्हणले पाखराला खायाला तोंडच नसतं, सगळं खाणं अळी असतानाच. मी म्हणले, असा जावई भेटायला पायजे होता.

९ ऑगस्ट, शनिवार

पाला तोडायला वस्तीवरची अकबरबी येते. माझ्याहून थोरली. दात दोन, तोंड मात्र दिवसभर चालू. मला म्हणली, उषाबाय, तुमारी आवाजसे कीडे मरेंगे. मी म्हणले, तुझ्या तंबाखूच्या वासानं मरतील आधी. जमलं आमचं.

अळ्यांचा खायाचा आवाज येतो, वाळल्या पाचोळ्यातून कोणी चालावं तसा. एक गंमत बघितली. शालूचा फोन आला अन् मी बोलाया लागले की आवाज बंद. सगळ्या मान वर करून बसतेत. फोन ठेवला की परत चालू. जावयाच्या फोनला तसं करीत न्हाईत.

१७ ऑगस्ट, रविवार

कोष करायला सरांनी जाळ्या लावून ठेवल्यात. त्यात एकबी अळी गेली न्हाई. सगळ्यांनी मिळून खाली फरशीवर धागा काढला अन् त्याचं कापड झालं. माग न्हाई, काठ न्हाई, अन् लोण्यासारखं मऊ. सर बंगळूरला ट्रेनिंगला गेलेत, फोन लागंना. मी किती वाट बघू? उचललं.

लेकरू व्हायच्या आधी त्याचं काही शिवत न्हाईत, अन् पाचवीपोतर अंगाला नवं कापड लावत न्हाईत. मला शिकवू नये कोणी. मागच्या टायमाला सगळं पाळलं, सुईत दोरा सुद्धा ओवला न्हाई. काय मिळालं? अन् हे काय दुकानातलं नवं कापड हाय का? सरळ कुंची बेतली.

अकबरबीनं माझी कात्री धरली. म्हणली, बिना सिलाईका कपडा आदमी एकीच बार पहनता, कैंची मत लगाव. मी म्हणले, तुझं तुझ्यापाशी ठेव, माझ्या नातवाला थंडी वाजंल. ती उठून गेली. तंबाखूची पुडी हितंच राहिली.

कुंची झाली बाई झकास. डावी नाडी जरा आखूड पडली. असू दे.

२४ ऑगस्ट, रविवार

जावयानं, रामकिसननं, शालूला आणून सोडलं. अंगानं भरली पोरगी. कुंची बघून हसली, पोटावर ठेवली तर आतून लाथ. म्हणली, आई, आवडली बघ त्याला.

तेवढ्यात सरांचा फोन. कापडाचं सांगितलं, कुंचीचं सांगितलं. सर म्हणले, मावशी, त्या बेटावर ह्या रेशमात मेलेल्या माणसाला गुंडाळतेत. पूर्वीपासून.

मी म्हणले, हे आधी सांगायला जीभ झडली होती का?

कुंची चुलीत घातली. केसं जळाल्यासारखा वास. शालूला सांगितलं, उंदरानं कुरतडली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

शेडात फरशीवर कुंची.

माझीच. तसाच गोल माथा, तशाच दोन नाड्या. डावी आखूड. पण शिवण कुठंच न्हाई. आत-बाहेर करून बघितली.

जाळली.

२७ ऑगस्ट, बुधवार

अळ्यांनी परत कुंची केली. परत जाळली.

अळ्यांवर चुना ओतला, रॉकेल ओतलं. पाठ झटकून बाजूला झाल्या. सर म्हणतेत, मी येतो, हात लावू नका. यायचं तर जल्दी ये म्हणावं.

अकबरबीच्या घरी गेले. दारातूनच म्हणली, माप तुमनेच दिया उनको, उषाबाय. आता अळ्या ते पुरं करणार.

माप मी देलं. छोटं माप.

२८ ऑगस्ट, गुरुवार

जाळीतली पाखरं न्हाईत.

खोलीत शालूपाशी हायेत. खाटेवर, भिंतीला, उशीला. तोंड नसतं म्हणे. पण सगळ्यांचं तोंड तिच्या पोटाकडं —

झाडूनं हाणली. उडंनात.

शालू म्हणली, आई, सकाळपासून हललं न्हाई.

रामकिसन गाडी घेऊन आला. अंबडला नेलं. मला म्हणला, मामी, बसा जल्दी. मी म्हणले, जा तुम्ही.

माझं काम हितं हाय.

दुपार

शेडात आले. कुंची अर्धी झाली. डाव्या नाडीवर आल्यात.

म्हणले, भाड्यांनो, माप घ्यायचं तर माझं घ्या. मी देते. हे बघा, पडते. फरशीवर सरळ झोपले.

थांबल्या. मान वर.

नाडी तशीच सोडली. एक एक — वळल्या.

पायापासून विणायला धरलंय. आग होत न्हाई. गार लागतं.

शालूचा फोन. रडत हसत बोलली, आई, मशीनवर ठोके लागले, लाथ मारली, तू कुठंय? मी म्हणले कामात हाय.

अळ्या थांबल्या न्हाईत तिच्या फोनला. पहिल्यांदाच.

मंग बराबर, तिला सोडलं त्यांनी.

छातीपोतर आलं. उजवा हात मोकळा ठेवलाय लिहायला. मऊ हाय. लई मऊ —

शालू येईल. मला बघंल. आधी कात्रीच धुंडाळंल, माझीच पोरगी हाय. शालू, कापू न्हको. कापलं की ह्या परत — लहान माप —

मनगटावर आल्या. शालू, कात्रीला हात ला