हर्शेलचं काय करायचं

८ सप्टेंबर, रविवार

हरलो. एकवीस–चोवीस. घरच्या मैदानावर, आणि तेही हातात आलेला सामना.

अगदी शेवटी आमचा चौथा, म्हणजे अखेरचा डाव. पुढे जायला दोन यार्ड हवे होते. किक मारून बरोबरी साधायची, की त्या दोन यार्डांसाठी अंगावर जायचं? मी हेडसेटवर माझ्या मदतनीस कोचला, डेझमंडला विचारलं. मग दुसऱ्या मदतनीसाला, हर्शेलला विचारलं. टाइमआउट घेतला. परत डेझमंडला विचारलं. एवढ्यात पंचांची शिट्टी – वेळ लावला म्हणून पाच यार्ड मागे. मग किकच मारली. लांबून मारावी लागली, गेली खांबाच्या बाहेरून.

बारा वर्षं मी इथे, विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात, डिफेन्सचा म्हणजे बचावाचा को-ऑर्डिनेटर होतो. बसायचो वर, काचेच्या खोलीत. तिथून मैदानावरची बावीसच्या बावीस माणसं पटावरच्या सोंगट्यांसारखी दिसतात. आता मुख्य कोच होऊन दुसरा हंगाम. खाली रेषेवर उभा राहतो, आणि दिसतात फक्त आपल्याच पोरांच्या पाठी!

जोलीन गाडीत म्हणाली, "तू टाइमआउट घेतलास तेव्हाच मला कळलं, तुला काय करायचं ते माहीत नाही."

बायकोला कळलं ते ठीक. पण ते सगळ्या स्टेडियमला कळलं.

१० सप्टेंबर

सकाळची बैठक. चूक कुणाची ते सगळ्यांना दिसतंय, बोलत कुणीच नाही. चेंडू फेकणाऱ्या आमच्या पोराला वाचवायला समोर पाच धिप्पाड गडी असतात. हे पाच जण हर्शेलच्या हाताखाली. आणि त्यांच्यातून समोरचे लोक असे घुसतात, की जसं काही फाटक उघडंच आहे!

डेझमंड चढाईची सगळी बाजू बघतो, म्हणजे हर्शेल त्याच्या हाताखालचा. तो फक्त एवढंच म्हणाला, की पोरांना पावलं जुन्या पद्धतीची शिकवली जातायत. हर्शेल हसला. "पोरा, जमीन अजून तीच आहे ना?"

मी विषय बदलला.

१९ सप्टेंबर

डेझमंड आणि मी मिसुरीत एका पोराच्या घरी जाऊन आलो, पुढच्या वर्षी तो आमच्या संघात यावा म्हणून. पोरगा चांगला आहे, खांदे तर दारासारखे! आई दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून तशीच आलेली, पायात तेच बूट. मी मिठाची आणि मिऱ्याची बाटली टेबलावर मांडून पोराला दाखवत होतो – समोरचा असा वळला तर तुझा डावा पाय कुठे हवा. पोरगा डोळे विस्फारून बघत होता. मजा आली.

आईने थांबवलं. म्हणाली, "पाय कळले. माझा मुलगा तुमच्याकडे आला तर त्याला रागावणार कोण, आणि रागावल्यावर जेवलास का म्हणून विचारणार कोण?"

माझ्या हातात मिठाची बाटली तशीच. डेझमंड म्हणाला, "दोन्ही मीच. आणि माझा नंबर तुम्ही आत्ताच लिहून घ्या." मग त्याने तिला तिच्या ड्यूट्यांबद्दल विचारलं. तासभर बोलले ते.

परत येताना डेझमंडला म्हटलं, तुला हे कसं सुचतं? तो म्हणाला, "कोच, तुम्ही मला घ्यायला आमच्या घरी आला होता, तेव्हा माझ्या आजीने हेच विचारलं होतं. तुम्ही तिला एका डावाचं चित्र काढून दिलंत." खूप हसला. मीही हसलो. तो माझ्याकडे खेळायचा तेव्हा चिपाड होता. आता त्याची मुलं शाळेत जातात.

२९ सप्टेंबर

परत हरलो. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या आमच्या पोराच्या, बरगडीला मार. डॉक्टर म्हणतात, मोडलेली नाही.

३० सप्टेंबर

ब्रॅशियरने बोलावलं. हा आमचा क्रीडा संचालक. बोलणं नेहमी गोड, समोर बदामांची वाटी. मला बदाम खायला लावले आणि मग सांगितलं, "लॉइड, कुणीतरी जायला हवं. लोकांना दिसेल असं."

कोण, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

हर्शेल टिडवेल. वय चौसष्ट. मी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा मला कुणी दारात उभं करत नव्हतं. हर्शेलने एका शाळेत आपला मदतनीस म्हणून घेतलं. राहायला जागा नव्हती, तर त्याच्या घरातल्या तळघरात दोन वर्षं काढली. वॉनीटाने माझे कपडे धुतले, मला जेवू घातलं. आता वॉनीटाची किडनी गेलीय. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. विमा हर्शेलच्या नोकरीचा. नोकरी गेली की विमा गेला.

आणि मी त्याला काय सांगू? पावलं जुनी झाली?

६ ऑक्टोबर, रविवार

आज सांगायचंच, म्हणून गेलो. जोलीनला सांगून गेलो, म्हणजे परत फिरता येऊ नये.

वॉनीटाने चिकन आणि घरचे नूडल्स केले होते, खाली बटाट्याचा लगदा. ती स्वतः त्यातलं फार काही खाऊ शकत नाही. आम्हाला वाढून समोर बसून राहते. डेझमंडही होता, बायकोमुलांसकट. दर रविवारी असतोच म्हणे! मुलं हर्शेलच्या पाठीवर चढत होती.

जेवण झाल्यावर डेझमंड गेला. हर्शेल आणि मी ओट्यावर बसलो.

"काही सांगायला आलायस का?"

"नाही. सहज."

"लॉइड, तू जन्मात कधी सहज कुठे गेला नाहीस."

मी म्हटलं, नूडल्स फार छान झाले होते. मग त्याच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला तेल घातलं. घरी आलो.

जोलीनने माझं तोंड बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१३ ऑक्टोबर

कालचं लिहायलाच हवं!

अर्ध्या वेळेपर्यंत वीस गुणांनी मागे. त्यांचा पोरगा आमच्या डिफेन्समधून खुशाल पळत होता. कुठून पळतोय तेच मला खालून दिसेना. ड्रेसिंगरूममध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. आता काहीतरी मोठं, छाती फुगेल असं बोलेल कोच. मला एकच सुचलं. डेझमंडला म्हटलं, "खालचं सगळं तू बघ. चौथा डाव, टाइमआउट, पंचांशी भांडण – सगळं. मी वर जातो."

"वर म्हणजे?"

"वर."

आणि जिना चढून काचेच्या खोलीत गेलो. माझ्याजागी डिफेन्स बघणारा मुलगा मला बघून उठूनच उभा राहिला. त्याला म्हटलं, बस, आपण दोघं मिळून करू. दुसऱ्याच डावात दिसलं! तो पळायच्या आधी त्यांचा डावीकडचा गडी टाच उचलायचा. दर वेळी! मग काय, तो जिथे जाणार तिथे आमची दोन माणसं आधीच उभी.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांना एकही गुण मिळाला नाही. आम्ही जिंकलो. खाली डेझमंडने दोनदा चौथ्या डावाला अंगावर जायचा निर्णय घेतला. म्हणे कुणाला विचारलंही नाही.

वार्ताहरांनी एकच धरून ठेवलं – मुख्य कोच मैदानात का नव्हते? मी म्हटलं, खालून दिसत नव्हतं. ते हसले. मी विनोद केला असं वाटलं त्यांना.

जोलीन म्हणाली, "गाडी चालवताना शीळ घालत होतास. दोन वर्षांत पहिल्यांदा."

१५ ऑक्टोबर

ब्रॅशियर भडकलाय. देणगीदारांचे फोन येतायत – कप्तान जहाज सोडून माळ्यावर जाऊन बसतो का म्हणून. यापुढे मी खालीच उभं राहायचं. आणि हर्शेलचं हंगाम संपेपर्यंत काय ते ठरवायचं. या वेळी नाव घेतलं त्याने.

२७ ऑक्टोबर

खाली उभा होतो. हरलो.

१० नोव्हेंबर

परत तेच.

१७ नोव्हेंबर

क्वार्टरबॅक जखमी. गुडघा. या वेळी खरंच वाईट. हर्शेलच्या गड्यांमधून एक जण सरळ आत घुसला आणि पोराच्या पायावर पडला. वीस वर्षांचा आहे तो. स्ट्रेचरवरून नेताना मला म्हणाला, "कोच, चेंडू सुटला नाही ना?"

नाही सुटला, म्हटलं.

संध्याकाळी जोलीनशी भांडण. भांडण तरी कसलं, तीच बोलली. हर्शेलला मी वाचवत नाहीये, एक वाक्य बोलायचं टाळतोय, आणि त्याचे पैसे त्या पोराच्या गुडघ्याने भरले. मी म्हटलं, वॉनीटाचं काय? ती म्हणाली, वॉनीटाचं काय करता येईल हे तू एकदा तरी कुणाला विचारलंस का?

उठून गॅरेजमध्ये गेलो. पुढच्या सामन्याच्या चित्रफिती बघत बसलो. त्यात तरी सगळं कळतं.

२५ नोव्हेंबर

हंगाम संपला. आज ब्रॅशियरकडे गेलो, आणि मनातलं एका दमात बोललो. मुख्य कोच डेझमंडला करा. मला परत डिफेन्स द्या.

त्याने बदामांची वाटी बाजूला सारली. "लॉइड, लोक माझ्याकडे वर चढायला येतात."

"मलाही वरच जायचंय," मी म्हटलं. "काचेच्या खोलीत."

या वेळी खरंच विनोद केला होता, तर तो हसला नाही. मग म्हणाला, हे त्याच्या मनात आधीपासून होतं, मला काढायची वेळ आली तर. म्हणजे मी त्याचं काम सोपं केलं.

मी म्हटलं, एकच अट. हर्शेल राहील.

तो म्हणाला, "ते आता डेझमंड ठरवेल."

ठीक आहे. डेझमंड दर रविवारी ज्या घरी जेवतो, त्या घरातल्या माणसाला काही करणार नाही.

२ डिसेंबर

जाहीर झालं. डेझमंडची आजी आली होती, चाकाच्या खुर्चीत, डोक्यावर जांभळी टोपी. मला जवळ बोलावून म्हणाली, "तू चित्र काढून दिलं होतंस, ते काही मला कळलं नव्हतं बाबा." मी म्हटलं, कुणालाच कळत नाही.

भावाचा फोन. "दुकानाची मालकी सोडून गल्ल्यावर बसलास?" आईने कुणाला सांगितलेलं नाही म्हणे. गावात विचारलं तर काय सांगायचं तिने?

हर्शेल भेटला. गळामिठी मारली आणि सोडेचना. "माझ्यासाठी केलंस ना हे?"

मी त्याची पाठ थोपटत राहिलो. त्याला वाटलं, गहिवरलो.

त्याच्यासाठी केलं का? थोडं. पण पहिल्यांदा त्या जिन्याचा विचार आला तेव्हा हर्शेल माझ्या मनातही नव्हता.

१४ डिसेंबर

दहा तास कसे गेले कळलं नाही. नवा फळा आणलाय, भिंतभर. मिसुरीचा तो पोरगा येतोय आमच्याकडे. त्याच्या आईने फोन करून डेझमंडला कळवलं. डाव्या पायाचं काम मी करीन त्याचं.

जोलीन म्हणते, मी झोपेत बोलायचा थांबलोय. बोलत होतो हेच मला माहीत नव्हतं!

२० डिसेंबर

बर्फ. वॉनीटाला डायलिसिसला मी सोडून आलो. हर्शेलची गाडी सुरू होत नव्हती. वाटेत म्हणाली, हर्शेल आता निर्धास्त झोपतो.

६ जानेवारी

डेझमंडने आज हर्शेलला काढलं. स्वतः त्याच्या घरी गेला, टेबलाशी बसला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं. वॉनीटाचा विमा वर्षभर चालू राहील, एवढं त्याने विद्यापीठाकडून आधीच करून घेतलं होतं.

त्याआधी, शुक्रवारी, डेझमंड माझ्या खोलीत आला होता. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "कोच, तुम्ही नको म्हणालात तर ठेवतो मी त्याला."

"ते तुझं काम आहे," मी म्हटलं, आणि परत फळ्याकडे वळलो.