बोल्ट न आवळलेली केस

नॉटिंगहॅम, ३ मार्च २०२५

चि. ऋजुता हिस, दादाचे अ. उ. आ.

फोनवर मी ओरडतो आणि तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून पत्र.

काल म्हाताऱ्या टोबीच्या जुन्या मोटरसायकलींच्या क्लबात गेलो होतो. टेबलावर इंजिनच्या बाहेरच्या कवचाची, ॲल्युमिनियमची केस मांडून ठेवली होती. तीच, जी मी जानेवारीत ‘ही जोडली जाणार नाही’ म्हणून परत केली होती. भेग कुठे होती ते बोटाने चाचपावं लागलं. टोबी म्हणाला, कार्डिफच्या तुझ्या बहिणीने केली. सगळे माझ्याकडे बघून हसले. अगं, वेल्डिंगची टॉर्च धरायला तुला शिकवलं कुणी? चौदा वर्षं मी या गावात हे काम करतो आहे, तू सहा. आईसुद्धा फोनवर तुझंच कौतुक ऐकवते.

आता क्लबची सगळ्यांत दुर्मीळ केस तडकली आहे. सत्तर वर्षांची, दुसरी मिळणार नाही. ती मी मागून घेतली आहे. तू तिला हात लावायचा नाहीस.

रागातही तुझाच,
अवधूत

कार्डिफ, ९ मार्च

ती. दादास, ऋजुताचा शि. सा. न.

इतकं दाबून लिहिलंयस की पानाच्या मागून अक्षरं बोटाला लागतात. टॉर्च धरायला तूच शिकवलंस, हे मी टोबीला सांगितलं होतं. ते ऐकायला तू थांबला नसशील.

केस खुशाल घे. मी ती करणार नाही असं त्याला कळवलं आहे. फक्त एक सांगते. तेल तर तू काढशीलच. जुनं ॲल्युमिनियम किती तेल पिऊन बसतं ते तुला ठाऊक आहे. पण वेल्डिंगआधी केसचा दुसरा अर्धा भाग जोडून सगळे बोल्ट आवळ. नाहीतर गार होताना ती वाकते. हे तू मला शिकवलं नव्हतंस. मी एक केस वाया घालवून शिकले, आणि तेव्हा तुला सांगायची लाज वाटली.

अपूर्व म्हणतो, ही ओळ खोड, माझा मेव्हणा मुद्दाम उलटं करेल. मी खोडत नाही.

वहिनीला नमस्कार. माया कमी करू नकोस.
ऋजुता

नॉटिंगहॅम, २२ मार्च

चि. ऋजुतास आशीर्वाद.

अपूर्वला सांग, तो मेव्हण्याला बरोबर ओळखतो.

चार वेळा भट्टीत तापवून तेल काढलं. बोल्ट मात्र आवळले नाहीत. विसरलो नाही. दुसरा अर्धा भाग हातात घेतला होता, तुझी ओळ आठवली आणि तो खाली ठेवला. तुझ्या सांगण्यावरून काम केलं, असं मला स्वतःशीसुद्धा म्हणायचं नव्हतं.

वेल्ड देखणा झाला. सकाळी दोन्ही भाग एकमेकांवर ठेवले, तर कडेला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. बेअरिंगची गोल जागा अंड्यासारखी झालेली.

आता यापुढचं. टोबीने विचारलं, असं कसं झालं. मी म्हणालो, बहिणीने सांगितलं तसं केलं. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक सभेत मी खऱ्यासाठी टेबलावर मूठ आपटतो, आणि एका म्हाताऱ्यासमोर मला खरं बोलता आलं नाही.

काय आशीर्वाद द्यायचा, समजत नाही.
दादा

कार्डिफ, २७ मार्च

दादा,

टोबीचा फोन तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी आला. भावाला नेमकं काय सांगितलंस, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, माझं चुकलं असेल. तू मोठा. परक्यासमोर तुला खोटं पाडवेना. मला वाटलं, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल. पुढच्या महिन्याची दोन कामं त्याने माझ्याकडून काढून घेतली.

मग तुझं पत्र आलं. गैरसमज नव्हता.

तू माझ्यावर जळतोस हे मला फार आधीपासून माहीत होतं. खरं सांगू, मला त्यात थोडी मजाच वाटायची. आता वाटत नाही. टोबीला मी काही सांगणार नाही. ते तू सांगायचंस.

लोभाचं नंतर बघू.
ऋजुता

नॉटिंगहॅम, ३१ मार्च

चि. ऋजुतास,

काल क्लबात सगळ्यांसमोर सांगितलं. तू काय लिहिलं होतंस, मी काय केलं नाही, आणि का. भाषण केलं नाही. तीन-चार वाक्यांत संपलं. टोबीने वाकलेली केस माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, तुझी दोन्ही कामं तो परत पाठवतो आहे, आणि ही आता कुणाकडे द्यायची. मी तुझं नाव घेतलं.

शनिवारी केस घेऊन मी स्वतः येतो. दोन्ही भाग तू आवळ, तापव, बेअरिंगची जागा भरून पुन्हा गोल कापून घे. तू सांगशील ते मी उचलून देईन. ती सरळ झाली तर माझ्या पोटात दुखेल, हे आधीच सांगून ठेवतो. तरी ती सरळ व्हावी, असं मला वाटतं.

दारात उभं केलंस तरी पुरे.
दादा