टोक मध्यावर हवं

प्रिय बारक्या,

तुझा फोटो भिंग घेऊन पाहिला. लेथ छान आहे. त्यावरचा, टूल धरून ठेवणारा टूलपोस्ट मात्र लहान पोराला बापाचा कोट घातल्यासारखा दिसतोय. जाहिरातीतलं चित्र बघून मागवलास ना? वीस वर्षं कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्यास, आणि स्वतः मागवताना एक माप घेतलं नाहीस! टूलचं टोक कामाच्या बरोब्बर मध्यावर यायला हवं. तुझं तेवढं खाली येतच नाही, म्हणून लोखंड कापलं न जाता नुसतं किंचाळतं. पोस्टचा तळ घासायचा बेत सोड, परत पाठव. तो जिथे बसतो त्या सरकत्या पाटापासून मध्यापर्यंतची उंची मोज आणि दुकानदाराला तो आकडा सांग. तो गोड बोलेल. तू आकड्याला चिकटून राहा.

कोणता घेऊ म्हणशील, तर टूल झटपट बदलायचा पोस्ट घे. हो, मीच लिहितेय. बाबांचा चौकोनी पोस्ट आणि टूलखाली सरकवायच्या पत्र्याच्या पट्ट्या, एवढ्यावर मी तीस वर्षं दुकान चालवलं. तुझ्या मेहुण्यांनी झटपटचं नुसतं नाव काढलं, तर उद्या घासही कुणी चावून द्यायचा का, असं मीच विचारलं होतं. पण त्यात प्रत्येक टूलला स्वतःचा होल्डर असतो. उंची एकदाच लावायची. पुढे होल्डर अडकवायचा, दांडी आवळायची. टोक दरवेळी तिथेच येतं.

गेल्या महिन्यात आपल्या पंपवाल्या गिऱ्हाइकाने मी केलेल्या बारा पिना परत आणल्या. प्रत्येकीच्या तोंडावर मधोमध पुटकुळी. टूलचं टोक मध्याच्या वरखाली असलं की ती उरते, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. माणूस सभ्य. ‘ताई, घाईत झालं असेल,’ म्हणाला. मी घाईत काम करत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

नजरेचा मधला भाग पुसट झालाय, बारक्या. कडा दिसतात, ज्याच्याकडे रोखून बघावं, तेच विरघळतं. चष्म्याने सुटणार नाही, आहे तेवढं टिकवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे फक्त तुझ्या मेहुण्यांना माहीत आहे. तेच मला मापं वाचून दाखवतात आणि चुकले की बोलणी खातात. अक्षर एवढं मोठं का, हेही तुला आता कळलं असेल.

माझा नवा पोस्ट काल आला. मोजून मागवला होता, नीट बसला. दहा होल्डर आहेत. प्रत्येकाची उंची कुणीतरी डोळ्यांनी लावून द्यायची आहे, एकदाच. पुढचं माझे हात बघतील. दुकान बंद कर म्हणायला येणार असशील, तर तिकिटाचा खर्च वाचव. नाहीतर शुक्रवारी ये. नव्या पिना सोमवारी देते, असं मी पंपवाल्याला सांगून बसलेय.

तुझीच,
ताई