खेचराच्या लाथेचा कागद

मी, एझ्रा रूबेन अष्टमकर, वय ८१, धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेला फिटर, राहणार अष्टमी, रोहा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉ. नूतन यांचा दाखला सोबत आहे. माझी मुलगी रिबेका हिला त्याबद्दल शंका आहे, पण ती तिला लहानपणापासूनच आहे.

१. अष्टमीचे घर, परसातले नारळ आणि बँकेत जे असेल ते रिबेकाला. नारळ विकत घेतो म्हणणाऱ्या जावयाला घरात घ्यावे, परसात सोडू नये.

२. माझी हत्यारे सोबतच्या यादीतील नऊ पुरुषांना, प्रत्येकी एक. हवे असेल त्याने माझ्या मातीला यावे. पोस्टाने मिळणार नाही. कारण सांगतो. आम्हा बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, आमचेच दहा मोठे पुरुष जमल्याशिवाय मयताची प्रार्थना, कद्दिश, म्हणत नाहीत. रोहा, पेण धुंडाळून नऊ भरतात. आजवर दहावा मी असायचो, आणि त्या दिवशी मला धरता येणार नाही. कद्दिशशिवाय मातीत जायची मला भीती वाटते.

३. शेजारचा झुबेर दर शनिवारी येऊन आमच्याकडचा दिवा लावतो, कारण त्या दिवशी आम्ही विस्तवाला हात लावत नाही. परवा तो म्हणाला, "चाचा, नऊच हायत ना? मग मी बसतो की दहावा."

"बस, पण मोजता येणार नाय."

"नका मोजू. बसू तर द्या."

त्याला बसू द्यावे. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून माझी शिडी मी त्याला कालच देऊन टाकली.

४. आमचे खापरपणजोबा हवालदार हसाजी यांची काठी प्रार्थनालयाला. कंदाहारच्या मोहिमेवरून ते लंगडत परत आले आणि मरेपर्यंत एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही. दहा भरले नाहीत तर ही काठी घेऊन रस्त्यावर उभे राहायचे. एकदा नऊच होते, आणि दहावा म्हणजे बांधावरून भांडलेला सख्खा भाऊ. हसाजींनी त्याला त्याच्या दारातून ओढून आणले आणि म्हणाले, "भांडण चपलांपाशी काढून ठेव." आमच्याकडे हे आजही सांगतात.

५. आता माझा चुलतभाऊ सॅम्सन, राहणार पेण. याने घराण्याचा इतिहास छापला आणि त्यात हसाजींच्या मांडीला तोफेचा गोळा लागल्याचे लिहिले. मी भर समारंभात म्हणालो, गोळा नव्हे, खेचराची लाथ. तो म्हणाला, कागद दाखव. त्यांच्या पेन्शनचा कागद माझ्याच ट्रंकेत होता आणि त्यावर खेचर स्वच्छ लिहिलेले आहे. मी दाखवला नाही, कारण दाखवला असता तर भांडण तिथेच मिटले असते. त्याला चौदा वर्षे झाली; तेव्हापासून तो आमच्या प्रार्थनेला येत नाही, म्हणून त्या नऊंत तो धरलेला नाही. चूक माझी होती, हे मी इथे शुद्धीवर असताना लिहून देतो. ती लाथ बसली नसती तर हसाजी दवाखान्यात पडले नसते, पलटणीबरोबर पुढे जाऊन संपले असते, आणि तू नाही की मी नाही.

सॅम्सन, तो कागद तुला. त्याची दुसरी प्रत नाही. फ्रेम कर, नाहीतर चुलीत घाल. पण झुबेर तो तुझ्या हातात देईल तो कद्दिश संपल्यावरच. आला नाहीस तर तो कागदाचा फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकेल. त्याला तसे शिकवून ठेवले आहे.

या मृत्युपत्राची प्रत दहाही जणांना आजच पाठवीत आहे, म्हणजे मला कळले नाही असे कोणी म्हणायला नको.

सॅम्सन, ये रे. भांडण चपलांपाशी ठेव. जाताना हवे तर पायात घालून जा.

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

एझ्रा रूबेन अष्टमकर

आमच्यासमोर सही झाली:
१. झुबेर अब्दुल रोहेकर (शिडी मिळाली)
२. डॉ. नूतन काळुराम म्हात्रे

अष्टमी, रोहा. १२ जानेवारी २०२५