साइडकारमधलं पोतं

ताई, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

बेट फार सुरेख आहे, असं आईला सांग. हे मोटारसायकल चालवतात, मी शेजारी साइडकारमध्ये. सासूबाई आणि मामंजी मागून जीपमध्ये. हो, हनिमूनलाच! हसू नकोस.

काल पाय आखडले म्हणून मी जीपमध्ये बसले. रिकामी साइडकार वळणावर उलटते, म्हणून गाडीवाल्याने माझ्या जागी वाळूचं पोतं बांधलं. मागून बघते तर हे बोट दाखवून पोत्याला समुद्र समजावतायत!

उतरल्यावर म्हणाले, "पोतं बरं. सारखं थांबा थांबा करत नाही."

सगळे हसले. मीही हसले.

आज पोतं उतरवलं आणि मी परत माझ्या जागी. आईचा गुडघा कसा आहे? माझी खोली अजून कुणाला दिली नाहीत ना?

तुझीच,
धाकटी