उदबत्तीच्या भोकांचा कागद

डोंबिवली

ती. आईस,
योगिनीचा नमस्कार. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

रांगोळीच्या ठिपक्यांसाठी तू उदबत्तीने भोकं पाडून दिलेला कागद चौथीच्या वर्गात चांगला चालला. अंतरं मी पट्टीने तपासली, सगळी सारखी आहेत. मुलं ठिपके जोडून चौकोन काढतात, मधोमध आरसा धरून दोन्ही बाजू जुळतात का ते बघतात. एक मुलगी म्हणाली, "टीचर, ही भूमिती? हे तर माझी आजी रोज काढते!"

ठाण्याच्या शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मला ताप होता (आता उतरलाय), म्हणून कल्पिता कागद घेऊन गेली. शाळा एक, राहायची खोली एक, कागद कुणाचा ते वेगळं काय बजावायचं? परीक्षकांना तिने सांगितलं, "कल्पना माझी, कागद माझ्या आईने केलाय." मी विचारलं तर हसली. "अगं, तुझी आई ती माझी आई. एवढं काय त्यात?"

चहा अजून एकत्रच होतो. काळजी करू नकोस.

दरवर्षी तू दिवाळीचा फराळ दोघींचा पाठवतेस. यंदा एकीपुरताच कर.

तुझी,
योगिनी